स्लोचा स्क्रू सगळ्यात शेवटी

चार स्ट्रोकच्या, एका सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोल पेटतं. हिरो होंडा स्प्लेंडरचा स्लो, म्हणजे एक्सलेटर सोडल्यावर इंजिन ज्या वेगानं फिरतं तो वेग, कंपनीनं मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या आसपास ठरवून दिलेला आहे. म्हणजे मिनिटाला ७०० ठोके, सेकंदाला जेमतेम बारा. बारा ठोके कानाला अजून सुटे ऐकू येतात. मोजता येत नाहीत, पण दोन ठोक्यांमधली फट कळते. तोच स्लो २,४०० वर गेला की सेकंदाला वीस ठोके पडतात, आणि साधारण तिथेच आपल्या कानाची सुटं सुटं ऐकण्याची ताकद संपते. ठोके एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा एक सलग, खर्जातला घरघराट होतो. गाडीवाला येऊन म्हणतो, “सिग्नलला थांबलं की वरडतीय,” तेव्हा त्याला हा फरकच सांगायचा असतो. त्याच्या गाडीतला ठोका हरवलेला असतो.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत उभं राहून हा फरक ऐकणं सोपं नाही. टॉवेलचे आणि चादरींचे कारखाने इथे ओळीनं आहेत आणि भिंतीपलीकडे माग चालूच असतात. टेरी टॉवेलच्या मागाला स्वतःचा ताल आहे. दोन आडवे धागे कापडापासून थोडे अलीकडेच थांबतात, तिसऱ्या धाग्याला फणी पार पुढपर्यंत जाते आणि तिन्ही धागे एकदम रेटते. त्या रेट्यात सैल सोडलेल्या ताण्याचे वेढे उभे राहतात आणि टॉवेलला लव येते. दोन हलके, एक भारी. आयुष्यभर हा ताल ऐकलेला कामगार तिसरा ठोका कच्चा पडला की मान वळवतो. रस्त्यापलीकडच्या गॅरेजमधला मेस्त्रीसुद्धा याच आवाजात बसलेला असतो, आणि त्या गलक्यातून त्याला एका शंभर सीसीच्या इंजिनाचे बारा ठोके वेगळे काढून ऐकायचे असतात. त्याच्या कानाबद्दल मला पहिल्यापासून आदर वाटत आला आहे.

या रस्त्यानं येणाऱ्या गाड्याही तशाच. पूर्व भागातून, विणकर वसाहतीतून, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून आणि आता रे नगरातून पाळीला येणाऱ्या माणसांच्या या गाड्या. नव्यांबरोबर पुष्कळ जुन्या. १९८५ साली आलेल्या सीडी १०० चे चुकार नमुने, १९९४ नंतरच्या स्प्लेंडर, पॅशन, बजाजच्या बॉक्सर आणि सीटी १००, आणि एखाद्या हौशी पोरानं जपलेली यामाहा आरएक्स १००. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चा नियम आला आणि नव्या गाड्यांवर इंधनाचं इंजेक्शन बसलं. त्याआधीच्या या सगळ्या गाड्या कार्बोरेटरवर चालतात. वाढलेला स्लो ही त्यांची नेहमीची तक्रार. तिच्यावरचा उपायही हाताशी असल्यासारखा दिसतो: कार्बोरेटरच्या कुशीला स्प्रिंग लावलेला एक स्क्रू असतो, तो स्क्रूड्रायव्हरनं उलटा फिरवला की स्लो उतरतो. हा उपाय न करणारा मेस्त्री मी पाहिला आणि त्याच्या कामाचं रसग्रहण करावं असं मनात आलं. एखादा जाणता वाचक कवितेत ज्या क्रमानं शिरतो, त्या क्रमानं तो या तक्रारीत शिरला.

स्प्लेंडर जुनी होती, टाकीवरचा रंग मांडीच्या घासानं उडालेला. गाडीवाला पोरगा टॉवेलच्या कारखान्यातला.

“अण्णा, स्लो तेवढा कमी करून द्या की.”

मेस्त्रीनं हत्यार उचललं नाही. “गार असताना वरडती का गरम झाल्यावर?”

“सकाळी बरी असती. अशोक चौकापर्यंत आलं की सुरू.”

“हँडल वळवल्यावर वाढती का?”

“तसं बघितलं न्हाई.”

“मधी कुणी कार्बोरेटर खोललेलं?”

पोरगा जरा थांबला. “बंद पडत होती म्हणून एकाला दाखवलेली. त्यानं थोडी रेस वाढवून दिली.”

या तीन प्रश्नांत अर्धी दुरुस्ती होऊन गेली होती. पहिला प्रश्न उष्णतेचा. इंजिन तापलं की तेल पातळ होतं, घर्षण घटतं आणि स्लो थोडा वर जातोच. गार इंजिनावर स्लो बसवून दिला असेल तर गरम झाल्यावर तो वाढणारच, त्यात रोग काहीच नाही. म्हणून स्लो नेहमी गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणल्यावर बघावा. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडतो त्या दिवसांत, सकाळचा स्लो आणि दुपारचा स्लो यांत फरक पडतो. मात्र तो फरक शंभर-दीडशे फेऱ्यांचा असतो. हजाराचा फरक उष्णतेच्या खात्यावर टाकता येत नाही. तिथे उष्णता दुसऱ्या कुठल्या तरी दोषाला फक्त उघडं पाडते. दुसरा प्रश्न एक्सलेटरच्या केबलचा. तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो इंजिनाला विचारलेला नाही, इंजिनाच्या इतिहासाला विचारलेला आहे. जुन्या पोथीत नकलकारांनी आपापल्या समजुतीनं ओळी घुसडलेल्या असतात, आणि मूळ पाठ शोधणाऱ्याला आधी हे प्रक्षेप ओळखावे लागतात. जुन्या गाडीच्या कार्बोरेटरचंही तसंच. त्याचा आजचा आवाज मूळ बिघाडाचा किती आणि त्यावर केलेल्या दुरुस्त्यांचा किती, हे वेगळं काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पोरग्याचं उत्तर नीट ऐकलं तर त्यात एक विसंगती आहे. गाडी स्लोवर बंद पडत होती, म्हणून रेस वाढवली. आता रेस उतरत नाही. ही एकच तक्रार आहे, दोन नाहीत. हे कळण्यासाठी स्लोवर असताना कार्बोरेटरच्या आत काय चालतं ते पाहावं लागतं. तो भाग मला या यंत्रातला सगळ्यात देखणा वाटतो.

एक्सलेटर सोडला की केबल ढिली पडते आणि स्प्रिंगच्या दाबानं स्लाइड खाली बसते. मेस्त्रीमंडळी तिला कार्बोरेटरचा पिस्टन म्हणतात. ती हवेची वाट जवळजवळ बंद करते. जवळजवळ एवढ्यासाठी, की स्लोचा स्क्रू तिला केसभर उचलून धरतो. इंजिन मात्र हवा ओढतच असतं, त्यामुळे स्लाइडच्या इंजिनाकडच्या अंगाला जोरदार ओढ तयार होते. नेमक्या त्या जागी कार्बोरेटरच्या तळाला सुईनं टोचल्यासारखं एक भोक असतं. ती ओढ त्या भोकातून खालच्या वाटीतलं पेट्रोल वर खेचते. पेट्रोल येतं ते पितळेच्या स्लो जेटमधून, ज्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. वाटेत त्याला वेगळ्या बोळकांडीतून आलेली थोडी हवा भेटते, दोन्हींचा फेस होतो आणि तो फेस इंजिनात जातो. गाडी उभी असताना इंजिनाचं पोट या एवढ्याशा वाटेवर भरतं. मोठा जेट, सुई, सगळा मोठा संसार त्या वेळी झोपलेला असतो.

आता समजा, हा स्लो जेट अर्धा चोकप झाला. फेसात पेट्रोल कमी, हवा जास्त. पेट्रोलच्या वजनाच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात, इथे ते प्रमाण हवेकडे झुकतं. इंजिन सिग्नलला धापा टाकून बंद पडतं. यावर कुणी स्लोचा स्क्रू आत पिळला, तर स्लाइड आणखी वर उचलली जाते. मग त्या बारीक भोकाच्या शेजारची दुसरी भोकं उघडी पडतात, सुईच्या बाजूनंही थोडं पेट्रोल यायला लागतं आणि गाडी चालू राहते. रोग तसाच राहतो, त्याला कुबडी मिळते. गार असताना ही कुबडी पुरेशी असते. इंजिन तापून मोकळं झालं की तीच जास्त होते आणि रेस चढून बसते. स्लोचा वाढलेला आवाज हा बहुतेक वेळा आधीच्या उपायाचा आवाज असतो, असं माझं मत आहे, आणि म्हणूनच त्या स्क्रूला पहिला हात लावणं मला चुकीचं वाटतं. तो स्क्रू फिरवला की समोरचा पुरावाच पुसला जातो.

मेस्त्रीनं गाडी चालू केली आणि हँडल डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण वळवलं. आवाज हलला नाही. केबल ताणलेली असती, किंवा हेडलाइटमागे कुठे दाबली गेली असती, तर एका बाजूला वळवताना रेस वाढली असती. मग मुठीला बोटानं हलवून ढिलाई पाहिली. दोनेक मिलिमीटर मूठ रिकामी फिरायला हवी, ती फिरत होती. इंजिन बंद करून त्यानं मूठ पूर्ण पिळली आणि एकदम सोडली. कार्बोरेटरमधून ‘टक’ असा कोरडा, स्वच्छ आवाज आला. स्लाइड कुठे अडत नव्हती. हा आवाज ओळखायला शिकलं पाहिजे. केबल गंजली असेल किंवा स्लाइडवर राळ चढली असेल तर तो बोथट येतो, कधी येतच नाही. कार्बोरेटर खोलून बसवताना कुणी स्लाइड उलटी घातली असेल, तर तिची खाच आतल्या पिनेत बसत नाही, ती वरच अडकते आणि किक मारताक्षणी इंजिन किंचाळायला लागतं. स्लाइडचा कापलेला कोपरा नेहमी फिल्टरच्या बाजूला. ही चूक घडते, आणि घडली की गाडीवाला घाबरून हँडल सोडतो. हात जायला हवा तो चावीकडे.

यानंतर त्यानं केलं ते मला सगळ्यात आवडलं. गाडी चालू, रेस वर. पुढचा ब्रेक दाबून त्यानं पहिला गिअर टाकला आणि क्लच इतकाच सोडला, की इंजिनावर ओझं पडून रेस खाली यावी. रेस आली खाली. पुन्हा क्लच दाबला आणि तो नुसता ऐकत राहिला. स्लाइड खरंच उचललेली असेल, केबलनं असो की स्क्रूनं, तर ओझं निघताच रेस झटकन आधीच्या जागी जाते. वाट उघडीच असते. मिश्रणच पातळ असेल तर खाली आलेली रेस तिथेच थबकते, किंवा रेंगाळत वर चढते. म्हणजे स्लाइडचा दोष आणि मिश्रणाचा दोष ही एक चाचणी वेगळे करून देते, आणि तिला क्लचच्या मुठीपलीकडे कसलंही हत्यार लागत नाही. या गाडीची रेस थोडी झटकन वर गेली, मग रेंगाळत चढली. दोन्ही दोष एकदम बोलत होते. मेस्त्री म्हणाला, “स्क्रू तर पिळलेलाच हाय. पण गाडी हवा पण खातीय.”

हवा खाणं म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या वाटेत कुठेतरी फट असणं. कार्बोरेटरनं मोजून न दिलेली हवा त्या फटीतून आत शिरते. ती मिश्रण पातळ करते, आणि स्लाइडला न विचारता इंजिनाला जास्त श्वास देते. त्याची खूण अशी की एक्सलेटर सोडला तरी रेस लगेच उतरत नाही, आणि उतारावर गाडी सोडली की सायलेन्सरमधून फटफट ऐकू येते. फट शोधायला बरेच जण बेंडवर, म्हणजे कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीवर, पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या सायलेन्सरच्या वीतभर अंतरावर पेट्रोल उडवणं मला मुळीच पटत नाही, आणि हा मेस्त्रीही ते करत नव्हता. त्याच्याकडे साबणाच्या पाण्याची बाटली होती. बेंड जिथे इंजिनाला बसतो तिथे त्यानं आधी फवारलं, काही नाही. मग बेंड आणि कार्बोरेटर यांच्या सांध्यावर, खालच्या बाजूनं. रेस एकदम खाली बसली. ठोका क्षणभर सुटा ऐकू आला आणि पाणी आत ओढलं जाताच पुन्हा हरवला. पाण्यानं फट बुजली तेवढाच काळ गाडी नीट होती. निदान इतकं स्वच्छ मिळणं हे भाग्यच, कारण बऱ्याच गाड्यांत फट केसाएवढी असते आणि इंजिन तापून धातू पसरल्यावरच उघडते.

त्या सांध्यात उष्णता अडवणारा एक जाड ठोकळा असतो आणि कार्बोरेटरच्या तोंडावरच्या खाचेत रबराची ओ-रिंग. उघडल्यावर दिसलं, की ओ-रिंग पार चपटी झालेली आणि लाकडासारखी कडक. कार्बोरेटरचे दोन कान बोल्टांच्या बाजूनं इंजिनाकडे वाकलेले, मधे पोकळी. हे जास्त जोरानं आवळण्याचं फळ. गळती थांबत नाही म्हणून माणूस आणखी आवळतो, कान आणखी वाकतात, फट आणखी वाढते. हा दुसरा प्रक्षेप. मेस्त्रीनं काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवला आणि कार्बोरेटरचं तोंड त्यावर आठच्या आकड्यात घासत राहिला. कडांचं चकाकणं हळूहळू मधोमध पोचलं आणि सगळं तोंड एकसारखं दिसायला लागलं. या कामाला वेळ लागला. रस्त्यावरच्या गॅरेजात वेळ हीच सगळ्यात महाग वस्तू असते, आणि तो ती खर्च करत होता.

रबर लवकर कडक होण्यामागे आणखी एक कारण असू शकतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं प्रमाण वाढत जाऊन २०२५ मध्ये देशभर २० टक्क्यांवर पोचलं. हे इथेनॉल उसापासूनही बनतं आणि सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. शेतकऱ्याला त्यातून मिळणारा पैसा इथे सगळ्यांना दिसतो. पण ज्या गाड्या या इंधनासाठी बनलेल्या नाहीत त्यांच्या जुन्या रबराला ते सोसत नाही. शिवाय इथेनॉलच्या एका भागाला हवेचे साधारण नऊच भाग लागतात, कारण ऑक्सिजन त्याच्या अंगातच असतो. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो जुन्याच मापानं हवा-पेट्रोल देत राहतो. त्यामुळे वीस टक्के इथेनॉलवर जुनी गाडी मुळातच थोडी पातळ चालते. ज्या गाडीत स्लोचं मिश्रण काठावर होतं ती काठाच्या पलीकडे जाते. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, आणि महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या वाटीत पांढरी भुकटी सापडते ती त्यामुळे.

या गाडीच्या वाटीत ती होती, आणि तळाला चिकट तांबूस थरही. कार्बोरेटरच्या अंगावर केहिनचं नाव कोरलेलं. इचलकरंजीच्या ‘फाय’ या उद्योगानं जपानच्या केहिनशी भागीदारी करून पुणे जिल्ह्यात चाकणजवळ हे कार्बोरेटर बनवले. एका यंत्रमागाच्या गावानं ज्याला हात लावला ते यंत्र दुसऱ्या यंत्रमागाच्या गावात उघडं पडलं होतं, हे मला त्या क्षणी फार जवळचं वाटलं.

मग स्लो जेट. मेस्त्रीनं तो उजेडाकडे धरला आणि माझ्या हातात दिला. भोकातून आकाश गोल दिसायला हवं. दिसत होती एक चंद्रकोर. आणि हवेच्या बोळकांडीतून निघाले कापसाचे तंतू. एअर फिल्टरचा फोम एका कोपऱ्याला फाटला होता. या भागात हवेत कापूस तरंगत असतो, मागाच्या खोलीतून येणाऱ्या कामगाराच्या भुवयांवरही तो दिसतो. फिल्टर नुसता भरला तर गाडीला हवा कमी पडते, धूर काळा येतो, स्लो वाढत नाही. फाटला तर मात्र तंतू थेट बारीक वाटांत जाऊन बसतात. मूळ रोग इथे होता. जेट चोकप, म्हणून गाडी बंद पडली. बंद पडली म्हणून कुणी स्क्रू पिळला. तेवढ्यानं भागेना म्हणून कुणी कार्बोरेटर काढून घालताना कान आवळले. तिथून हवा शिरली आणि रेस चढली. पोरगा सांगत होता ती तक्रार या साखळीची शेवटची कडी होती.

जेट साफ करण्याची एक वाईट रीत आहे: क्लचच्या केबलची पोलादी तार काढून भोकात घालायची. पितळ मऊ असतं. तारेनं भोक मोठं होतं आणि पुन्हा कधी मापात येत नाही. इथे जेट थिनरमध्ये भिजत पडला, मग ब्रशचा नायलॉनचा एक केस त्यातून ओवला गेला आणि शेजारच्या टायरवाल्याच्या नळीनं हवा मारली. पुन्हा आकाशाकडे धरला. गोल.

दोन स्ट्रोकच्या गाडीवर हेच वाचन जास्त गंभीरपणे करावं लागतं. आरएक्स १०० मध्ये प्रत्येक फेरीला पेट्रोल पेटतं, त्यामुळे १,२०० फेऱ्यांवरही सेकंदाला वीस ठोके पडतात. ती नीट असतानाही गुणगुणतेच, म्हणून तिचा वाढलेला स्लो कानाला उशिरा कळतो. तिच्यात हवा बेंडमधून शिरते तशी क्रँकच्या टोकाच्या ऑइल सीलमधूनही शिरते. तिथून शिरली तर नुसती रेस वाढत नाही, इंजिन कोरडं पडून पिस्टन चिकटू शकतो. आरएक्सची रेस आपोआप चढायला लागली तर ती चालवत घरी नेऊ नये. प्लॅटिनम पॉइंटच्या जुन्या बुलेटवर आणखी एक गोष्ट पाहावी लागते: टायमिंग पुढे नेणारी वजनं आणि त्यांच्या स्प्रिंगा. स्प्रिंग सैल पडली की वजनं परत येत नाहीत, ठिणगी लवकर पडत राहते आणि कार्बोरेटर निर्दोष असूनही रेस अडकते. ज्या बुलेटचा प्रत्येक ठोका वेगळा मोजावा, तिच्यावर हा दोष फार केविलवाणा ऐकू येतो.

स्प्लेंडर पुन्हा बांधली गेली. नवी ओ-रिंग, नवा फोम, बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आळीपाळीनं आवळलेले. आता तोवर न शिवलेल्या स्क्रूंची पाळी आली. गाडी कुंभारीच्या बाजूला फिरवून गरम करून आणली. स्लोचा स्क्रू आधी बाहेर घेतला, गाडी बंद पडायच्या बेतात येईपर्यंत. मग हवेचा स्क्रू. हा स्क्रू स्लाइडच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो, आत घेतला की मिश्रण जाड होतं. इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो तयार फेस मोजतो आणि त्याचा हिशेब बरोबर उलटा. हे न पाहता फिरवणारे फार भेटतात. मेस्त्रीनं तो पाव पाव फेरी फिरवत नेला. एका जागी आवाज भरला, रेस आपोआप थोडी वर आली. तिथून पुढे नेल्यावर पुन्हा चाचरायला लागला. तो त्या भरलेल्या जागी परत आला. रेस वाढली होती, म्हणून स्लोचा स्क्रू थोडा बाहेर. त्यानं आवाज पुन्हा किंचित रिकामा झाला, म्हणून हवेचा स्क्रू पुन्हा. दोन स्क्रूंची ही बोलाचाली तीनदा झाली. प्रत्येक खेपेला फिरवणं कमी होत गेलं, शेवटी स्क्रूड्रायव्हर नुसता खाचेत टेकवून तो ऐकत उभा राहिला. पलीकडे मागांचे दोन हलके एक भारी चालू होते, आणि इकडे सेकंदाला बारा, सुटे, एकसारखे. टॅकोमीटर त्याच्याकडे नव्हता. स्प्लेंडरवरही नसतो.

आजच्या इंजेक्शनच्या गाडीत स्लो कॉम्प्युटर सांभाळतो. तो तापमान आणि फेऱ्या मोजून हवा आणि पेट्रोल क्षणाक्षणाला ठरवतो. ते निर्विवाद चांगलं आहे. धूर कमी, पेट्रोल कमी, सकाळी चोक ओढायला नको. पण कार्बोरेटरवर बसलेला हा कान घडायला वर्षं लागतात, आणि या एमआयडीसीच्या रस्त्यावर अजून काही वर्षं तरी त्याला काम आहे. शिकायला बसलेला पोऱ्या शेजारी पाने पुसत होता. मेस्त्रीनं त्याला बोलावलं, कार्बोरेटरकडे बोट दाखवलं आणि मघाचा क्लचचा प्रयोग त्याच्याकडून करून घेतला. रेस खाली आली आणि क्लच दाबल्यावर सरळ आपल्या जागी जाऊन बसली. “हे असं जायला पायजे,” एवढंच तो त्याला म्हणाला.

गाडीवाल्याला त्यानं सांगितलं, “आठवडाभर चालव आणि दाखवून जा. नवी रिंग बसली की स्लो थोडा सरकंल. मधी कुणाला हात लावू देऊ नको.” पोरगा पुढच्या आठवड्यात आला तेव्हा मी तिथेच होतो. स्लो थोडा उतरला होता. मेस्त्रीनं स्क्रू पाव फेरी आत घेतला, हँडल दोन्ही बाजूंना वळवून पाहिलं आणि पैसे न घेता त्याला पाळीवर जायला सांगितलं.